पाठीशी

आबू जाकीट उलटं घालायची.
चेन मागे, पाठ उघडी,
बाह्या समोरून खुपसलेल्या,
न्हावी गळ्याभोवती कापड बांधतो तसं.
आमच्या नान-फांग-आओ बंदरावर सगळेच असं घालतात.
वारा समोरून येतो, मागून कोण येणारे,
एवढा साधा हिशेब.

पहाटे चारला मासळीच्या लिलावाला निघायचो.
पन्नास सीसीची हिरवी स्कूटर,
तिच्या पायांमध्ये बर्फाची पेटी,
हँडलला गरम सोयादुधाची पिशवी,
आणि मागे मी, सहा वर्षांची,
भावाचं हेल्मेट आत टॉवेल कोंबून बसवलेलं.
हात त्या उघड्या पाठीतून आत.
स्वेटरला बांगड्याचा वास.
ईशान्येचा वारा मिठासकट यायचा,
तिच्यावर आपटून दोन्ही बाजूंनी निघून जायचा.
मला तो फक्त ऐकू यायचा.

छातीचा कोट करणं म्हणतात
ते मी बाजारातल्या निळ्या रेक्झिनमध्ये पाहिलंय.

आता मी तैपेईत.
सकाळी पुलावरून स्कूटरींचा लोंढा उतरतो
त्यातली एक माझी.
सिग्नलपुढच्या पांढऱ्या चौकोनात आम्ही थांबतो
नव्वदपासून उलटे आकडे बघत.
कुणी अंड्याची पोळी संपवतं,
कुणी आरशात ओठ रंगवतं,
शेजारी पाय ठेवायच्या जागेत उभा एक पिवळा कुत्रा,
गॉगल लावून, माझ्याहून गंभीर.
सत्तर. एकोणसत्तर.
कुणी कुणाशी बोलत नाही,
पण एखाद्याचा स्टँड खाली राहिला
तर चार बोटं एकदम तिकडे वळतात.

गेल्या साली पिंगलिनच्या वळणावर घसरले,
ओली पानं, दुसरं काही नाही.
तेव्हापासून दीड महिन्याचा पगार अंगावर घालून फिरते :
कोपरांत गाद्या, खांद्यांत गाद्या,
पाठीत कासवाएवढी ढाल.
दुकानातला झुआंग जुनं हेल्मेट हातात फिरवत म्हणाला,
एकदा आपटलं की संपलं.
वरून धड दिसतं, आतून गेलेलं असतं.
ते मी त्याच्या काउंटरवर सोडून आले.
घरी पोचेपर्यंत मान हलकी वाटत राहिली,
कुणाचं काही चोरल्यासारखी.

या हिवाळ्यात त्याच बेई-यी रस्त्याने घरी गेले.
काही वळणांवर अजून पिवळे कागद पडलेले,
वाटेत गेलेल्यांसाठी कुणी उधळलेले,
पावसाने डांबराला चिकटलेले.
मी त्यांच्यावरून गेले नाही,
कडेने गेले.

दारात आबूने मला वळवून उभं केलं,
पाठीवरच्या ढालीवर बोटाच्या पेराने टकटक केली
आणि विचारलं,
"कोण आहे घरात?"

मग जाकीट माझ्या अंगातून काढलं,
वजन करून पाहिलं, टाकलेल्या माशाचं करतात तसं,
आणि उलटं घातलं.
मी म्हटलं, असं नाही घालत हे,
ती ढाल पाठीसाठी आहे, कंपनीने लिहिलंय.
कासव तिच्या छातीवर येऊन बसलं.
"कंपनी कधी पहाटे चारला बंदरावर आली होती?"
अडुसष्टची बाई, गुडघ्याला औषधी पट्टी,
माझ्याच किल्लीसाठी हात पुढे करून उभी.

आता लिलाव नाही, पेटी नाही.
नुसतं दीपस्तंभापर्यंत आणि परत, म्हणाली.

मी मागे बसले.
चेन उघडी होती.
एक्केचाळीस वर्षांच्या बाईचे हात
कुठे ठेवायचे हे त्यांना आधीच ठाऊक.
स्वेटरला बांगड्याचा नाही, कापराचा वास.
ती अजून ब्रेक अचानकच दाबते,
आणि दर ब्रेकला माझं हेल्मेट
तिच्या हेल्मेटवर जाऊन आपटतं.
टक्.
"जपून," ती वाऱ्यातून ओरडते,
"नवीन आहे ना तुझं?"