दोन नग

चष्मा काढला की तीन बोटांच्या आत
मला जे दिसायचं ते भिंगालाही दिसत नसे.
कुपवाडच्या कारखान्यात एकतीस वर्षं
लेथवरनं उतरलेला जॉब नाकाशी नेला.
वास घेतोय म्हणून पोरं हसायची.
सोडाबाटली म्हणायची. नंबर उणे अठरा.
पण कडेवरचा केसाएवढा चरा
आधी मला सापडायचा, मग इन्स्पेक्शनला.
तीन बोटांपलीकडचं जग
कूलंटमधनं बघितल्यासारखं.

मिरजेला डॉक्टर मुजावरबाईंनी डोळा मोजला.
लांबी एकोणतीस पूर्णांक चार मिलिमीटर.
असायला हवी होती साडेतेवीस.
म्हणजे जॉब रिजेक्टच की, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत. कागदावर गोल काढला,
अंड्यासारखा मागं ओढला.
"लांब डोळ्याची नस दाब सोसत नाही.
दुसऱ्याला चालतो तो आकडा तुम्हाला चालायचा नाही."
आत पाणी बनतं, जाळीतनं निघून जातं.
जाळी तुंबली.
गटारीसारखी?
"तशीच."
मोतीबिंदू, त्यात काचबिंदू,
नावं कासारणीच्या टोपलीतनं काढल्यासारखी.

काचबिंदूनं कडा कुरतडल्या, मला पत्ता नाही.
दिसत नाही ते दिसत नाही, हेही दिसत नाही.
सुलन डावीकडं चहा ठेवायची,
माझं कोपर लागून सांडायचा,
ओरडायचो मी तिच्यावर.
फ्रीजमध्ये दह्याच्या वाटीशेजारी थेंबांच्या तीन बाटल्या.
सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा.
नोकरी सुटली, पाळ्या सुटल्या नाहीत.

मोतीबिंदू काढतानाच दोन स्टेंट बसवू, म्हणाल्या.
टायटॅनियम. लांबी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा.
भोक?
"ऐंशी मायक्रॉन."
तीन थाऊ आणि वर किंचित.
त्या रात्री झोप आली नाही.
भीतीनं नव्हे.
हे धरत असतील कुठल्या चकमध्ये?
बर कशी काढत असतील आतली?
कोण असेल तो टर्नर,
का बाईमाणूस असेल,
आणि तिलाही पोरं हसत असतील का?

"जिनाप्पा चौगुले, डावा डोळा."
हिरवं कापड. उजेडाची तीन फुलं.
यंत्राचा आवाज चढत गेला,
लोड घेतंय, मी मनात म्हटलं, फीड कमी करा बाई.
आणि त्यांनी केला.
मग, "मान उजवीकडं. अजून. आता हलू नका."
टक.
"एक बसला."
टक.
"थोडं रक्त आलंय. चांगली खूण आहे, वाट मोकळी झाली."
रक्त बघून खूश झालेलं माणूस
पहिल्यांदाच ऐकलं मी.

दाब चौदा. तीनातली एक बाटली उरली.
चष्म्याविना गच्चीवरनं दंडोबाचा डोंगर,
चष्म्याविना सुलनच्या कपाळावरचं गोंदण,
तेही ती पलीकडच्या कॉटवर असताना.
कडा आल्या नाहीत परत.
गेलेलं येत नाही, राहिलेलं राखायचं,
हे बाईंनी आधीच सांगून टाकलं होतं.
सुलन आता चहा समोर ठेवते.

मग एका दुपारी ट्रंकेतनं मायक्रोमीटर काढला,
सवयीनं डाव्या डोळ्याशी नेला.
धूर. रेघाच नाहीत.
उजव्याशी नेला. मोती कोवळा आहे त्यात अजून,
जरा पिवळट, पण एकेक रेघ जागेवर.
कितीतरी वेळ तसाच बसलो.
अंगठ्यावरची जुनी बर लागल्याची खूण,
बेदाण्याच्या सुरकुत्या,
शर्टाच्या बटणातला दोरा,
जे हाताला लागेल ते तीन बोटांवर धरून.

गुरुवारी उजवा.
दोन डोळ्यांचा मेळ बसला पाहिजे, बाई म्हणतात,
नाहीतर जिन्यावरनं पडाल.
खरंय. पडलोय एकदा.
मी म्हटलं, एक विचारू?
आत घालायच्या आधी तो नग
एकदा या डोळ्यासमोर धराल?
नुसता बघतो, हात लावत नाही.
"निर्जंतुक असतं ते, चौगुले."
ठाऊक आहे.
टोपीखालनं त्यांनी माझ्याकडं बघितलं.
बघते, म्हणाल्या.