एच लिहिलेला स्क्रू

हार्लन ट्वेटच्या उजव्या कानाचा आलेख माझ्या टेबलावर.
हजार हर्ट्झपर्यंत रेघ सपाट, माळावरून चालल्यासारखी,
मग तीन हजारांच्या पुढे एकदम कडा.
शेल्टनच्या मागचे डोंगर असेच दिसतात,
जिथे तोड झाली तिथून.

"किती वर्षं करवत चालवलीत?"
"एकतीस."
"कानांवर काही घालायचात?"
"टोपी."

एका शनिवारी त्याने गॅरेजात बोलावलं.
भिंतीला एकोणीस करवती टांगलेल्या,
पिवळ्या, लाल, आणि एक निळी,
जिचा रंग तो खरवडत नाही,
कारण मुठीपाशी कुणीतरी खिळ्याने 'रॉय' कोरलंय.
रॉय कोण, त्यालाही ठाऊक नाही.
कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली म्हणे,
टाकीत पेट्रोलचा डिंक,
सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीचं घर.
तेवढं मात्र त्याने अख्खं काढून
खिडकीत ठेवलंय.

नातू कोल्बी म्हणतो, सायलेन्सर मोकळा करू,
पोर्ट रुंद करू,
जत्रेतल्या शर्यतीत पहिले येऊ.
म्हातारा ऐकू न आल्यासारखं करतो
आणि कानस खिशात घालतो.

स्टार्टरच्या दोरीला धरून
तो निळी करवत अधांतरी उचलतो.
दोरी सुटत जाते, करवत
थांबत, अडखळत खाली येते,
पोहरा विहिरीत सोडावा तशी.
सर्रकन आली असती तर रिंगा गेल्या.
हिच्यात दम आहे.

कंडेन्सर नवा. डायफ्रॅम नवा.
पॉइंटमधली फट त्याने
माझ्याच व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीने मोजली.
बाकी सगळं बोटांना कळतं.
पण कार्बुरेटरवर दोन स्क्रू असतात, एल आणि एच,
आणि एच कानाने लावायचा असतो.

त्याने पेचकस माझ्यापुढे धरला.

मी मिरजेची.
सतारमेकर गल्लीतून शाळेची वाट.
दस्तगीरचाचा तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवायचे,
केसभर पुढे, केसभर मागे,
आणि मुकी तार अचानक उघडायची.
"नुसती गोड नको गं, जरा खर पाहिजे."
दप्तर पाठीवर, मी उंबऱ्याशी,
घरी उशीर, रोजची बोलणी.

एक मफ मी घातला, एक त्याच्या कानांवर चढवला,
(त्याचा आता काय उपयोग, पण माझ्यादेखत नाही.)
चौथ्या ओढीला रॉयची करवत बोलली.
अख्खं गॅरेज निळ्या धुराचं.
आवाज कानांतून नाही, जबड्याच्या हाडातून आत येत होता.

स्क्रू आत फिरवला,
आवाज पातळ झाला, लखलखीत, फार सुंदर.
हार्लनने आधीच बजावलं होतं,
सुंदर वाटला की थांब,
त्या आवाजात पिस्टन जळतो.
मग बाहेर. पाव फेरा. अजून थोडा.
आणि तिथे, लखलखाटाच्या कडेला,
एक घोगरेपणा आला,
रात्रभर गाऊन सकाळी चहा मागणाऱ्या गळ्यासारखा.

मी हात वर केला.

फरच्या ओंडक्यात पातं शिरलं, खर विरली.
बाहेर आलं, परत आली.
पिवळा ओला भुसा त्याच्या बुटांवर, माझ्या ओढणीवर,
आणि राळेचा वास, ज्याला मराठीत
मला अजून शब्द मिळालेला नाही.

करवत बंद झाल्यावरही
तो टाकीवर तळहात ठेवून उभा होता.
"कशी?" त्याने विचारलं.
"तंबोऱ्यासारखी," मी मराठीतच म्हणाले.
"हो ना," तो म्हणाला.

मंगळवारी तो परत आला, नव्या मशीनसाठी, तपासणीला.
काचेच्या खोलीत बसला, हातात बटण.
दोनशे पन्नासला दाबलं. पाचशेला दाबलं.
चार हजारांवर मी दाबत गेले, वाढवत गेले,
काहीच नाही.
मग मी बोट उचललं, पाण्याचा घोट घ्यायला,
आणि बटणाचा दिवा लागला.
काचेपलीकडे तो मान डोलावत होता.
मी काहीच पाठवलं नव्हतं.