रकाना चौदावा

बारा वर्षांपूर्वी मीच आले होते इथे,
काणकोणातल्या या शेवटच्या वाड्यावर,
तक्ता घेऊन : प्रकल्पपूर्व स्थिती.
शौचालयं दोन, विहिरी तीन,
आशा भरपूर.
आशेला रकाना नव्हता, समासात लिहिली.

आज पुन्हा. दीर्घकालीन परिणाम.
बस वळणावर सोडून गेली, पुढचं चालत.
प्रकल्पाचा फलक अजून उभा आहे,
त्यावरच्या धनेशाची चोच गंजलीय,
खाली कुणी मिरी वाळत घातलीय.

चंद्रावती वेळीप शेणाचे हात धुऊन येते.
उत्पन्न वाढलं?
"वाढलं की. मग उतरलं. मग परत चढलं.
तुझ्या कागदात ओहोटी मावते का बघ."
खोल्यांच्या भाड्यावर मुलगी मडगावात नर्स झाली.
कुष्टा सांग्याच्या खाणीवर टिपर चालवायचा,
खाण थांबली, आता गळ्यात दुर्बीण.
दोनशे नऊ पक्षी इंग्रजीत सांगतो,
आपल्या भाषेतलं नाव विचारलं
की आईकडे बघतो.

तीन खोल्यांपैकी एकीत सुपारी,
एकीत सुनेचं शिलाई मशीन.
तिसरी तयार आहे : चादर ताणलेली, उशाशी तांब्या,
दरपत्रकावरचा आकडा चारदा खोडलेला.

आणि पाणी?
ती नुसतं बोट करते डोंगराच्या वरच्या अंगाला.
तिथे कुणा परक्याचं निसर्गनिवास झालंय,
पोहायच्या तलावासकट.
"आमचं बघूनच आले ते. वाट आम्हीच दाखवली."
कुळागराचा पाट वैशाखातही वाहायचा,
आता शिगम्यालाच दम टाकतो.

हे परिणामात धरायचं,
की परिणामाच्या परिणामात?
मार्गदर्शक सूचना, पान नऊ, गप्प.
आणि ती वाट, चंद्रावतीबाय,
तुम्ही नाही दाखवलीत.
परिशिष्ट ब. ठिपक्यांची रेघ.
पट्टी माझी होती.
हे मी मोठ्यानं बोलत नाही.

शेवटची बस गेली.
मी पाकीट काढते, आजचा दर विचारते.
ती पेज वाढते, कडेला मिसकूट,
आणि पदराला हात पुसत म्हणते,
"गिऱ्हाईक म्हणून राहतेस की पावणी म्हणून?
गिऱ्हाईक, तर हजार. सकाळी गरम पाणी.
पावणी, तर पैसे नकोत,
उजाडताना पाटातला पाला काढायला चल."

रकाना चौदावा : इतर निरीक्षणे.
पेनाचं टोपण काढून बसलेय.
पेज निवत चाललीय.