उरलेला पूल

ओउलूत दुपारी तीनलाच काळोख.
ओस्मो वर्गणीचा आकडा बघत बसलाय:
एकोणचाळीस हजार नऊशे ऐंशी युरो.
कॉफी निवते.
मग कुणी पिह्ला, शाळकरी असावी,
वीस टाकते, लिहिते:
आता खेळाचं कुलूप काढा.

तो काढतो.
एकोणीस वर्षांपूर्वीची ओळ न् ओळ
परक्यांच्या पडद्यांवर,
घर आवरायच्या आतच
पाहुणे दारात यावेत तशी.

नदीवरचा तो अर्धा पूल,
हजारो जण त्यावरून पडले,
पडता पडता गूढ शोधत राहिले.
कोडमध्ये त्याच्याशेजारी टीप निघते:
"बाळ उठलं. उरलेला उद्या."

बाळ आता बर्गनला असतं.
फोन क्वचित.

पहाटे पिह्लाचा निरोप:
पूल जोडलाय मी.
टीप तेवढी राहू दिली.