तक्ता

रायबंदरच्या फेरीधक्क्यासमोर, दुसऱ्या मजल्यावर
मी आणि एर्मेलिंद
लपवण्याच्या रीतींना नावं ठेवतो.
म्हणजे नावं देतो.
तो म्हणतो, एकच.

ठिपक्याचा शेवटचा बिट बदलला
तरी चित्रातली मांडवी निळीच राहते.
हे आगरमीठ:
डोळ्याला नाही, जिभेला कळतं.

पाकिटं कधी लवकर, कधी उशिरा सोडायची,
निरोप मधल्या थांब्यात.
हा पदेर. भोंगा किती वेळ थांबला
यावरून आईला कळायचं, उंडे संपले.

फाइलींचा नुसता क्रम बदलायचा,
आत काहीच न घालता...
इथे दोन दिवस अडलो.
हे लपवणं की मांडणं?
केंकरेबाई म्हणाल्या, रकान्यात एकच शब्द मावतो.
एर्मेलिंदने लिहिलं: माटोळी.

शुक्रवारी तक्ता छापायला घेतला.
ओळींच्या शेवटी
कुठे एक मोकळी जागा, कुठे दोन.
छापल्यावर काही दिसलं नसतं.
सवयीने मोजल्या. एक म्हणजे शून्य, दोन म्हणजे एक.
सव्वादोनशे ओळींतून एवढंच निघालं,
रोमीत, कोंकणी:
पासपोर्त आयलो. सोमारा वतां.

तो समोर पॅटिस खात होता,
कागदावरचे कण बोटाने टिपत.

मी म्हटलं, एका रीतीचं नाव राहिलंय.
खिडकीबाहेर फेरी चोडणला निघाली होती,
तिच्याकडे बघत म्हणाला,
सोमवारी बघू.