गोधडीचं वजन

पट्टीवर दोन रेघा आल्या.
दुसरी इतकी फिकट
की मी ती उजेडाकडे धरून पाहिली,
प्रेसमध्ये कागद धरते तशी.
बावीस वर्षं नाशिकरोडला
मी चुका शोधायचा पगार घेतेय:
सरकलेला आकडा, पुसट शाई, धाग्याची वाकडी वाट.
सापडली की खूण मारायची.
पुढे तिचा भुगा होतो, तो मी बघत नाही.

"आहे," म्हणाल्या डॉक्टर खैरनार,
"रक्तात एक, आणि डोळ्या-नाकातला तो दुसरा.
आता दोन्ही जायचे नाहीत.
पागडीचे भाडेकरू समजा."
टेबलावर गोधडी शिंकली.
काळी, केशरी, पांढरी, मधेच एक राखाडी ठिगळ,
पंक्चरवाल्याच्या टायरमध्ये सापडलेली,
सात महिन्यांची.
बिटको चौकात सिग्नलला रिक्षावाल्याने विचारलं,
"ताई, पिशवीत काय, कोंबडी?"
मी हो म्हटलं.

सकाळी साडेपाचला उजवा डोळा, मग डावा.
थेंब पडायच्या आत ती पापणी मिटते,
माझ्या मनगटावर सही करते.
पाव गोळी लोण्यात लपवली
तर लोणी तेवढं जातं,
गोळी गुरुवारी सापडते, शेगडीखाली.

डिसेंबर. निफाडचा पारा साडेचारवर,
बागांमधून रात्री शेकोट्या पेटतात द्राक्षांसाठी.
मी बाथरूममध्ये उकळत्या पाण्याची बादली ठेवते,
दाराच्या फटीत टॉवेल कोंबते
आणि आम्ही दोघी बसतो वाफेत.
वीस मिनिटं.
तिचं नाक सुटतं, माझंही.
आरशात कुणीच नसतं.

सिन्नरहून भाऊ म्हणाला,
"शालन, एवढ्या पैशात दोन शेळ्या येतात."
येतात की.
मला शेळ्या नको होत्या.
खरं सांगायचं तर मांजरही नको होतं.

सोनजेंचा बोका रोज दुपारी
खिडकीच्या पत्र्यावर येऊन बसतो.
जाळीच्या अलीकडून ती, पलीकडून तो,
नाकाला नाक.
त्याला लागण होऊ नये म्हणून मी
चार बोटं सोडून आणखी एक जाळी ठोकली.
गोधडी बराच वेळ त्या चार बोटांकडे बघत राहिली.
मी हातोडी घेऊन तिथेच उभी.

रात्री ती शिंकते. पायाशी, मग कपाटावर,
मग कुठेतरी भांड्यांत.
त्याने झोप मोडत नाही.
शिंक नाही आली की मोडते:
मी अंधारात हात फिरवत बसते,
कानाचं टोक लागेपर्यंत.

परवा ड्यूटीवर एक शीट आली,
कोपऱ्यात केसाएवढी शाई पसरलेली.
खूण मारली. मारावीच लागते.
पण पुढची शीट लगेच उचलवेना.
शेजारच्या टेबलावरून रुक्साना म्हणाली,
"चहा घेतेस का?"

रविवारी पिठाच्या काट्यावर तिला बसवते,
दुधाच्या हिशोबाशेजारी आकडा लिहिते.
दोन किलो तीनशे.
दोन दोनशे साठ.
एका रविवारी काहीच लिहिलेलं नाही,
त्या आठवड्यात ती फक्त पाणी चाटत होती
आणि मला आकडा नको होता.
मग दोन एकशे दहा. दोन एकशे नव्वद.
किती दिवस, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही,
त्यांनीही चष्मा पुसत दुसरंच काही सांगितलं.

नव्या वर्षाचं कॅलेंडर आणलंय.
खिळ्याला लावताना तिने दोऱ्यावर झडप घातली,
जानेवारीला नखाचं भोक पडलं,
थेट मार्चपर्यंत आरपार.

दुकानदार बदलून देईल म्हणाला होता.
मी ते तसंच टांगलंय.