न शिवलेला चेंडू

आठ दिवे आहेत. कुठलाही लागतो, कधीही.
लागला की हात मारून विझवायचा.
मी वहीत आकडा लिहिते.
सिस्सलचा दोनशे एक्केचाळीस,
म्हणजे पाव सेकंदसुद्धा नाही.
रान्व्हा चौदा जणींत चौदावी.

कोच म्हणाली, हिचे पाय तपासायचे की डोळे?
मी म्हटलं, आधी कॉफी घेऊ.

ही खोली मासळीच्या कारखान्यामागे आहे.
आमच्या फॅरो बेटांवर सगळंच कशाच्या तरी मागे असतं,
डोंगरामागे गाव, गावामागे मेंढ्या,
मेंढ्यांमागे पुन्हा समुद्र.
रान्व्हा पहाटे सहापासून पट्ट्यावर उभी असते.
खालून उजेड सोडलेल्या काचेवरून
कॉडचे तुकडे सरकत येतात.
काटा दिसला तर चिमटा,
किडा दिसला तर सुरी,
काहीच नसेल तर हात मागे.
मिनिटाला बावीस तुकडे.
तिथे तिला कुणी संथ म्हटलेलं नाही.

शनिवारी वारा असा होता
की आमच्या गोलकीपरने लाथाडलेला चेंडू
अर्ध्यावर थांबला, विचार केला
आणि परत आला.
गुडघा गेल्यापासून मी रेषेबाहेर बसते,
मांडीवर घड्याळ, टोपीवर गारा.
एकोणसत्तराव्या मिनिटाला
मार्युनचा पास आला, गवत कापत,
आणि रान्व्हाच्या पाठीला दोघी चिकटलेल्या.

तिने मान वळवली. मग पुन्हा एकदा,
कुणी हाक मारल्यासारखी.
पाय उचलला, आता घेणार असा.
दोघी त्या पायावर तुटून पडल्या.
तिने चेंडू
जाऊ दिला.
दोन्ही पायांमधून, बुटाच्या नाडीलाही न शिवता,
मागे सोळा वर्षांच्या हेर्बोर्गकडे,
जिच्यासमोर आता फक्त जाळं होतं आणि वारा.

गोल हेर्बोर्गच्या नावावर.
पास मार्युनच्या.
रान्व्हाच्या नावापुढे त्या मिनिटाला कोरी जागा.
आमच्या पत्रकात
न शिवलेल्या चेंडूचा रकाना नाही.

रात्री मी चित्रफीत लावली. एकेक चौकट मागे नेत
तिचा निर्णय कुठे सुरू होतो ते शोधत राहिले.
पाय उचलला तिथे? नाही, अलीकडे.
मान वळली तिथे? त्याच्याही अलीकडे.
मार्युनला चेंडू मिळालासुद्धा नव्हता
तेव्हा ही दोन पावलं सरकली होती, उगीचच,
स्वयंपाकघरात कुणाला वाट द्यावी तशी.
आणखी मागे गेले.
चित्रफीत सुरुवातीला येऊन संपली.

दिव्यांना यातलं काय कळणार.
दिवा लागल्यावरच लागतो.
त्याआधी त्या खोलीत काही घडतच नाही.

आणि हीच रान्व्हा,
जिच्या ड्रॉवरमध्ये, दोऱ्याच्या रिळांखाली,
ओरहूसच्या क्लबचं पत्र चाळीस दिवस पडून आहे.
दोन वर्षांचा करार, राहायला खोली,
उत्तराची मुदत गुरुवार.
विचारलं की म्हणते, बघते.
आई म्हणते, मोजे घ्यायला गेली तरी
दुकानदार दिवे मालवेपर्यंत उभी असते.

मी तिला काही सांगणार होते.
काय सांगणार होते?
आमच्या वेळी पत्रं येत नसत.
पत्रं येत नसत म्हणून निर्णयही नव्हते,
नुसता गुडघा होता.

बुधवारी पुन्हा दिवे.
सात तिने विझवले, नेहमीच्या चालीने.
आठवा लागला.
ती त्याच्याकडे बघत राहिली,
हात कडेला तसाच.
शेवटी तो आपणच विझला.
हा का सोडलास?
मागे कुणीतरी असेल असं वाटलं, म्हणाली,
आणि जॅकेट उचलून पट्ट्यावर कामाला गेली.

आकडा लिहायच्या आधी मी मागे वळून पाहिलं.
खिडकी होती, काचेवर मीठ,
आणि फार लांब, खाडीच्या तोंडाशी फेरीबोट.
निघालेली होती की येत होती,
इतक्या लांबून लगेच सांगता येत नाही.